बसलेले हत्ती

आमच्या देवळीच्या घरात शिरताना तहसीलदारालाही वाकावं लागे. ही गोष्ट बाबा तहसीलदाराचं कपाळ आपटून झाल्यावर सांगत, आधी नाही. आधी सांगितली असती तर तो नुसता वाकला असता, त्याला समजलं काहीच नसतं, असं बाबांचं म्हणणं.

दार चार फूट आठ इंच उंच. मातीची भिंत दीड हात जाड आणि तिच्यात बसवलेली सागवानी चौकट. वरच्या गणेशपट्टीत गणपती कोरलेला, आणि त्याच्याखाली मधोमध एक गुळगुळीत खळगा. तो कोणी कोरला नव्हता. तो कपाळांनी पाडला होता. चौकटीच्या दोन्ही खांबांना तळाशी एकेक हत्ती होता. पाठ, सुपासारखे कान, सोंड, सगळं होतं; पाय तेवढे नव्हते. पोट थेट जमिनीला टेकलेलं. आम्ही त्यांना बसलेले हत्ती म्हणत असू.

बाबा, म्हणजे पुंडलिकराव, कपाळ चोळणाऱ्या पाहुण्याला समोर बसवून भाषण देत. "आमच्या आज्यानं, तानबाजीनं, हे दार मुद्दाम ठेंगनं ठेवलं. कितीबी मोठा मानूस असो, वाकूनच आत आला पाह्यजे. अन् हे हत्ती पाहा. हत्तीसारखा हत्ती, पन आमच्या दारात बसून आहे."

पाहुणा हत्तीकडे पाही. तोवर माय दाराशेजारच्या खुंटीवरचा डबा काढून त्याच्या कपाळाला हळद लावी आणि हातावर गुळाचा खडा ठेवी. हा आमच्या घरचा रिवाज होता. एकदा आपटला तो पाहुणा, दोनदा आपटला तो सोयरा, तिसऱ्यांदा आपटला की तो घरचा. पोस्टमन प्रेमदास माझ्या माहितीत चौदा वेळा आपटला होता. त्या हिशोबानं तो माझ्या सख्ख्या भावापेक्षा जवळचा होता.

सख्खा भाऊ म्हणजे श्रावणदादा. सेवाग्रामला दवाखान्यात खिडकीशी बसून रोग्यांची कार्डं काढायचा. उंची पाच फूट तीन इंच. मी त्याचा धाकटा. तेव्हा वर्ध्याला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो, दुसऱ्यांदा.

आणीबाणी उठली त्या वर्षी दादासाठी मुली पाहणं सुरू झालं. वडनेरच्या महादेवरावांची मंदा पसंत पडली. त्यांची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं हिंगणघाटच्या बाजारात जायचं. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी सतरंजीवर बसलेलीच होती. बाबांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, वाफ्याला पाणी किती दिवसांनी देता ते विचारलं. बाकीचे लोक मुलीला उठून चालून दाखवायला सांगतात. बाबांना ते फार हलकं वाटे. "बैल घेऊन राह्यलो का आपन?" ते म्हणत. तेव्हा कोणी तिला उठ म्हटलं नाही, आणि आम्ही निघालो तेव्हाही ती खाली मान घालून बसलेलीच होती. आमच्या सभ्यपणामुळे आम्ही सून अर्धीच पाहून आलो.

उरलेली अर्धी लग्नात दिसली. दोन्हीकडच्या मामांनी अंतरपाट धरला, तर त्याच्यावर वहिनीचं कपाळ, बाशिंग आणि डोळे. ते डोळे पलीकडे उभ्या वऱ्हाडाकडे शांतपणे पाहत होते. आमच्या मामानं गडबडीनं हात वर केले. मग दादाला पाच मंगलाष्टकं होईस्तोवर नुसतं कापड दिसलं. अंतरपाट निघाला आणि दादानं समोर पाहिलं, मग वर पाहिलं.

"केवढी आहे व?" मी मायला हळूच विचारलं.

"भरपूर आहे," माय म्हणाली.

पाच फूट नऊ इंच होती. हे मी नंतर दादाच्या दवाखान्यातल्या पट्टीवर मोजलं ते सांगतो आहे.

देवळीला वरात आली. दारासमोर बाया, पोरं, शेजारी सगळे ओरडत होते, "वाक व पोरी, वाक." वहिनीनं माप ओलांडलं, छान वाकली, गणपतीखालून निघाली, आणि आता झालं असं समजून सरळ झाली. पण भिंत दीड हाताची होती आणि आतल्या अंगाला तेवढ्याच उंचीवर दुसरी तुळई होती. आवाज असा झाला की बँडवाल्यानं थाप चुकवली. मायनं गुळाचा डबा आधीच हातात घेतला होता. बाबांचा चेहरा फुलला होता. संध्याकाळपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारात एकदा आणि देवघराच्या दारात एकदा आपटली. घरात अशी चार दारं होती. नियमाप्रमाणे वहिनी पहिल्याच दिवशी घरची झाली. प्रेमदासला याला दोन वर्षं लागली होती.

पुढचे दोन महिने आमच्याकडे गूळ फार खपला. वहिनीच्या कपाळावरची हळद वाळायच्या आत दुसरी लागायची. गावात कोणीतरी विचारलंही, की पोरीचं लग्न होऊन दोन महिने झाले, हळद अजून उतरली काऊन नाई? ती तक्रार करत नव्हती. दिवसातून पन्नास वेळा त्या दारांखालून जायची, आणि तिच्या डोक्यातून हिशोब सुटला की ठण्ण. मग एक दिवस तिनं पदराखाली चुंबळ घालायला सुरुवात केली. घागर ठेवायला बाया डोक्यावर कापडाचं कडं ठेवतात, ती चुंबळ. घागर नाही, पाणी नाही, नुसती चुंबळ. सकाळी उठल्यावर घालायची ती निजताना काढायची.

दादानं सेवाग्रामला क्वार्टरसाठी अर्ज केला. कोणाला सांगितलं नाही. पण अर्जाची पोच टपालानं आली, आणि टपाल आणणारा घरचाच माणूस होता.

त्या दिवशी जेवताना बाबांनी भाकर मोडली आणि विचारलं, "क्वार्टर घेऊन राह्यला मनते तू."

दादा ताटात पाहत म्हणाला, "अर्ज केला आहे फक्त."

"दार केवढं आहे तिथं?"

"सात फूट."

"सात फुटाच्या दारातून कोन येते? उंट?"

"बाबा, तिचं कपाळ पाहा तुमी एकदा."

"तुह्या मायचंबी लागे पयले. लागलं का मानूस शिकते."

"माहं कवाच नाई लागलं," माय चुलीजवळून म्हणाली. मायची उंची चार फूट सात इंच होती. ती एकटीच त्या घरात ताठ मानेनं फिरायची. बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

मग ते पुढची भाकर मोडायला लागले. त्यांच्या मनात काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. क्वार्टर मिळालं की दादा जाणार. दादा गेला की घरात राहणार माय, बाबा, बसलेले हत्ती आणि मी. यातल्या कोणाच्याही भरवशावर घर चालण्यासारखं नव्हतं.

वहिनी वरण वाढायला आली. बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायला मान बरीच वर करावी लागे.

"सूनबाई, डोक्शावर घागर नाई. मंग चुंबळ काऊन?"

वहिनी थांबली. "मामाजी, गनपतीले लागू नये मनून."

बाबांनी घास खाली ठेवला. मी त्यांना जेवण अर्धवट टाकताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, कापसावर बोंडअळी आली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधू मिस्त्री अंगणात उभा होता. बाबांनी त्याला काम समजावून सांगितलं. "चौकट नाई हालली पाह्यजे. गनपती नाई हालला पाह्यजे. हत्ती तं बिलकुल नाई. अन् सूनबाईचं डोक्स लागलं नाई पाह्यजे."

चिंधूनं दाराकडे पाहिलं. वहिनीकडे पाहिलं. मग पुन्हा दाराकडे. दोन्हींपैकी कोणाला कापायचं ते तो ठरवत असावा.

"पुंडलिकराव, पट्टीवर भिंत बसून आहे," तो म्हणाला. "भिंतीवर आडं, आड्यावर छपराचे सारे कवेलू. पट्टी उचलली का घर खाली येते."

"मंग घरच खाली न्या ना," मी म्हणालो.

मी हे गंमत म्हणून म्हटलं होतं. माझं त्या घरात कामच ते होतं. मी बोलायचं, आणि कोणीतरी म्हणायचं, चूप बस बे. मी त्याचीच वाट पाहत होतो.

चिंधूचं तंबाखू चघळणं थांबलं. "म्हंजे?"

"दार वर जात नसंल तं जमीन खाली न्या. सव्वा फूट खोदली का झालं."

कोणीच चूप बस म्हणालं नाही. चिंधू उंबऱ्याशी बसला, जमिनीवर बोट वाजवून पाहिलं, आणि बाबांना म्हणाला, "पोट्टं बराबर बोलून राह्यलं. पाया खोल आहे. जमीन काढता येते."

बाबांनी पायानं जमीन दाबून पाहिली. चौकट आज्याची होती. जमिनीबद्दल आजा काही बोलला नव्हता. "जमीन खोदली तं कोनाचा अपमान नाई," ते म्हणाले.

"जमीन माही आहे," माय म्हणाली.

हेही खरंच होतं. तीस वर्षं दर आठवड्याला ती शेणामातीनं ती जमीन सारवत होती. दिवाळीच्या आधी मुरूम आणि पांढरी माती टाकून ठोकायची, वर पुन्हा सारवण. त्या जमिनीवर सांडलेला तेलाचा थेंबसुद्धा तिला कुठला ते माहीत असे. तिनं वहिनीच्या कपाळाकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"खोदा," ती म्हणाली. "कपाळ एकच आहे तिले. जमीन मी अजून करीन."

उन्हाळा होता, शेतात काम नव्हतं. आम्ही गोठ्यात राहायला गेलो. बैलांना बाहेर निंबाखाली बांधलं. बैलांनी दोन दिवस निषेध केला, मग त्यांना ते आवडलं.

चिंधूनं मागच्या खोलीपासून सुरुवात केली. फावडं लागलं की जमिनीची खपली निघायची, पोळीचा पापुद्रा निघावा तशी, आणि तिच्याखाली दुसरी. प्रत्येक खपलीवर सारवणाच्या बोटांच्या कमानी उमटलेल्या होत्या. माय प्रत्येक खपली हातात घेऊन पाहायची. "हे श्रावणच्या बारशाचं," ती म्हणायची. किंवा, "ह्या टायमाले माहं बोट कापलं होतं, तीनच बोटं आहेत पाहा." तीनच होती. मी बी.कॉम.ला इतकं पक्कं काही पाहिलं नव्हतं.

वस्तूही निघाल्या. माझ्या दोन गोट्या. दादाची लेखणी. भोकाचा पैसा. आणि देवकाबाई आत्याची नाकातली फुली, जी मायनं केरात झाडून टाकली असा आरोप होता आणि ज्यापायी आत्या अकरा वर्षं आमच्याकडे आली नव्हती. बाबा ताबडतोब सायकलवर टांग टाकून तिच्या गावी फुली घेऊन गेले. आत्यानं ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "हे माही नोहे. माही मोठी होती." पण दुसऱ्या दिवशी ती घातली आणि आमच्याकडे खोदकाम पाहायला आली.

सहा इंचांच्या खाली गेल्यावर माय एकदम थांबली. हातातल्या खपलीवरच्या कमानी उलट्या वळलेल्या होत्या.

"हे मी नोहे," ती म्हणाली. "हे आत्याबाई आहेत."

तिची सासू, माझी आजी मनकर्णाबाई. ती डावखुरी होती. मी तिला पाहिलं नव्हतं. तिचा फोटोही नव्हता. मायनं आपला उजवा हात त्या खपलीवर ठेवून पाहिला, जमेना, मग डावा ठेवला. तो बरोबर बसला. मग तिनं ती खपली सुपात ठेवली आणि सूप गोठ्यातल्या देवाशेजारी नेऊन ठेवलं.  तीन दिवस त्या सुपाला कोणी हात लावला नाही.

चौथ्या दिवशी चिंधू पुढच्या दाराशी आला. लाकडी उंबरा काढला आणि खांबाच्या बाजूनं हळूहळू माती खरवडायला लागला. आम्ही निंबाखाली चहा पीत होतो.

"पुंडलिकराव," चिंधूनं हाक मारली. "हत्तीले गुडघे आहेत."

बाबांनी कप खाली ठेवला. "काय आहे?"

"गुडघे. या, पाहा."

आम्ही सगळे गेलो. चिंधूनं वीतभर खोल काढलं होतं. जमिनीला टेकलंय असं वाटणारं हत्तीचं पोट तिथेच संपत होतं, आणि खाली, मातीतून, व्यवस्थित कोरलेले मांडीचे स्नायू आणि गुडघे दिसत होते. बाबा खाली बसले. चिंधूच्या हातातलं खुरपं घेऊन स्वतः माती काढायला लागले. घोटे निघाले. मग पाय. मग पायांची नखं, प्रत्येक पायाला चार. ऐंशी वर्षं मातीत राहून ती नवीकोरी होती. हत्ती बसलेला नव्हता. तो उभा होता, आणि चालायला एक पाय पुढे टाकलेला होता.

त्याच्या नखाशी काळा दगड लागला. दगडी उंबरठा. मधोमध झिजलेला, त्यावरून पुष्कळ वर्षं पाय गेले असले पाहिजेत.

चिंधूनं खिशातून फीत काढली, दगडापासून गणेशपट्टीपर्यंत धरली आणि म्हणाला, "सहा फूट. पक्के."

 गणित मलाही येत होतं. तानबाजीनं दार ठेंगणं ठेवलंच नव्हतं. त्यानं चांगलं सहा फुटांचं दार केलं होतं. घरच्या बायांनी दर आठवड्याला सारवलं, दर दिवाळीला मुरूम ठोकला, उंबऱ्यावर उंबरा चढवला, दाराच्या फळ्या खालून कापल्या, आणि जमीन हळूहळू, कोणाला न कळता, वर आली. आमच्या घराण्याची नम्रता एक फूट चार इंच होती, आणि ती शेणामातीची होती.

शेजारचे नत्थूजी काठी टेकत आले. ते नव्वदीला टेकले होते आणि गल्लीत सगळ्यात म्हातारे होते. त्यांनी हत्तीचे पाय पाहिले आणि त्यांना काही नवल वाटलं नाही.

"हाव," ते म्हणाले. "पाय होते त्याले. मी लहानपनी त्या नखाईत चिंचोके ठेवून खेळलो आहे."

"अन् तानबाजी?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आजा केवढा होता?"

"चांगला पावनेचार हाताचा. या दारातून पागोट्यासकट ताठ जाये. पागोटं पट्टीले घासे जरासं, त्याले ते आवडे."

"मंग काकाजी, इतके सालं तुमी बोलले काऊन नाई?"

"मले कोनं इचारलं? तू तं भाषनच देऊन राह्यला होता."

 बाबा दोन दिवस गोठ्याच्या दारात बसून समोर उघड्या पडलेल्या घराकडे पाहत राहायचे. मला त्यांची गंमत करायची होती, मी दोन-तीन वाक्यं तयारही केली होती. पण त्यांच्याजवळ गेलो की ती तोंडातून निघेनात. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी माय भाकरी घेऊन गेली आणि त्यांच्याशेजारी बसली.

"म्हंजे तहसीलदाराले मीच वाकवलं," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"अर्धं आत्याबाईनं," ती म्हणाली, "अर्धं मी."

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी भाकरी घेतली.

त्याच आठवड्यात प्रेमदास क्वार्टर मंजूर झाल्याचं पत्र घेऊन आला. तो सवयीनं वाकून आत आला, जमीन होती तिथे नव्हती म्हणून तोंडावर पडला, आणि पत्र उंच धरून म्हणाला, "सेवाग्रामचं आहे." मायनं त्याला गूळ दिला.

संध्याकाळी बाबांनी वहिनीला हाक मारली. ती उकरलेल्या खोलीत उभी होती, चुंबळीशिवाय.

"सूनबाई, जायचं असंल तं जा. मी काई मनत नाई." त्यांनी हत्तीकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "दार उंच होतं, हे मले माईत नोतं."

माझ्या आठवणीत बाबांनी कोणाची मागितलेली ही एकच माफी. त्यात माफी हा शब्द नव्हता, पण होती ती तीच.

दादा आणि वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं क्वार्टर पाहायला गेले. माय दिवसभर गोठ्यात तेच ते भांडं घासत होती. बाबा शेतात जातो म्हणून निघाले आणि बसस्टँडवर जाऊन बसले. मी अभ्यास केला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

ती दोघं तिसऱ्या प्रहरी परत आली. बाबा त्यांच्या मागे वीस पावलांवर चालत होते, आपण बसस्टँडवर नव्हतोच असं दाखवत.

"कसं आहे व क्वार्टर?" मायनं भांड्यातून मान न काढता विचारलं.

"चांगलं आहे, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "लाईट आहे, नळ आहे. दारं मोठाले आहेत."

"हं."

"पन नळाखालचा ओटा माह्या गुडघ्याइतका आहे. भांडे घासायले वाकावं लागते. खिडकीबी खाली, बाहीर पाह्याले वाकावं लागते. आरसा तं पयलेच्या नर्सबाईनं आपल्या हिशोबानं लावून ठेवला." तिनं पिशवी खाली ठेवली. "तिथंबी वाकाचंच असंल तं इथं काय वाईट आहे? इथं आता वाकायचं कामबी नाई."

 दादा क्वार्टरमध्ये, मला वाटतं, त्याच्या मापाची जागा मिळाली म्हणून खूष झाला होता. पण त्यानं पत्र खिशातून काढून चुलीशेजारच्या फडताळात ठेवलं, जिथे आमच्याकडे न लागणारे कागद ठेवतात.

वहिनीनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि कुदळ मागितली. तिच्या लक्षात जी गोष्ट होती ती आमच्यापैकी कोणाच्याच नव्हती. घर सव्वा फूट खाली गेलं होतं, आणि रस्ता होता तिथेच होता. पावसाळ्यात सगळ्या गल्लीचं पाणी आमच्याकडे पाहुणं येणार होतं. वाडीतली मुलगी ती. पाणी कुठून कुठे जातं ते तिला उतारावर नजर टाकून कळे. चार दिवसांत तिनं घराभोवती पाट खोदला, ओट्याला बांध घातला, आणि पाटाचं तोंड परसात काढून तिथे वांग्याचे वाफे केले. त्या साली आमच्याकडे वांगी इतकी झाली की गुळाऐवजी पाहुण्याला वांगी द्यावीत असं मी सुचवलं. चूप बस बे, असं तिघांनी एकदम म्हटलं. मला बरं वाटलं.

जमिनीवरून मात्र भांडण झालं. बाबांना सगळीकडे शहाबादी फरशी हवी होती. फरशी वाढत नाही, असं त्यांचं कारण. मायला सारवण हवं होतं. शेवटी स्वयंपाकघरात, मागच्या खोलीत फरशी बसली, आणि देवघर व दारापासून माजघरापर्यंतचा पट्टा मायकडे राहिला. भिंतीतले कोनाडे आणि खुंट्या होत्या तिथेच राहिल्या, म्हणजे सगळ्या सव्वा फूट वर गेल्या. देवसुद्धा. मायचा हात त्यांना पुरेना. ती खालून नमस्कार करते, आणि फुलं वहिनी वाहते. तेव्हापासून आमच्या घरात देवाशी बरोबरीच्या पातळीवर बोलणं वहिनीचंच आहे.

पुढं घरात बरंच काही आलं. लाईटचे पॉइंट वाढले, गॅसची शेगडी आली. चौऱ्याऐंशी साली लोखंडी कपाट आलं, ते उभंच्या उभं दारातून आत गेलं. हमालानं विचारलं, इतक्या जुन्या घराला इतकं उंच दार कसं? त्यानंतर दोन वर्षांनी टीव्ही आला. त्याचा अँटेना कवेलूंवर उभा आहे, आणि चित्र हललं की दादाला शिडी लागते. वहिनी खालून काठीनं फिरवते.

मी बी.कॉम. झालो. हे कोणालाच खरं वाटत नाही.

गुळाचा डबा अजून दाराशी आहे, पण आता कोणी आपटत नाही. सुरुवातीला मायला फार चुकल्यासारखं झालं. पाहुणा सरळ आत येई, सरळ बसे, आणि त्याचं काय करावं ते तिला सुचेना. हल्ली ती न आपटता गूळ देते. त्यामुळे कोण पाहुणा, कोण घरचा, हे कळायला काही मार्ग उरलेला नाही.

मागच्या महिन्यात नवे तहसीलदार आले. तरुण आहेत. पाच फूट आठ तरी असतील. ते दारातून आले, वर पट्टीकडे पाहिलं, कुठंही न लागता आत बसले. बाबांनी त्यांना दार दाखवलं. मी कान टवकारले.

"आमच्या आज्यानं, तानबाजीनं, हे दार मुद्दाम उंच ठेवलं," बाबा म्हणाले. "गरीब असो का श्रीमंत, आमच्या घरात मानूस ताठ मानेनंच आला पाह्यजे. अन् हे हत्ती पाहा. कोनासमोर बसलेले नाईत."

तहसीलदारांनी हत्ती पाहिले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं हसू पदरात लपवलं. त्यांना पोचवायला बाबा बाहेर गेले, आणि परत येताना दारात वाकले. ते अजून वाकतात. साठ वर्षांची मान आहे, तिला फीत दाखवून उपयोग नाही.

माय जवळच दारापाशी सारवत होती. आता ती बसून बसून सारवते, आणि वहिनी शेणाची पाटी पुढे सरकवत जाते. मी खाली वाकून खांबाकडे पाहिलं. हत्तीची नखं दिसत नव्हती. पायाला चार, दोन्ही बाजूंची सगळी, जमिनीखाली गेली होती.

"माय," मी म्हणालो, "अशी सारवत राह्यली तं पाच-सहा वर्षात वहिनीचं डोक्स पुन्हा लागते. अन् पयलेच्याच हिशोबानं धरलं तं दोन हजार साठ-पासष्ट साली हत्ती पुन्हा बसतात."

मायनं पाटीत हात बुडवला, बोटं पसरली आणि नखं गेली होती त्या जागेवरून एक गोल कमान ओढली.

"मले घाई नाई," ती म्हणाली.